पंचेचाळीस मिलिमीटर

सोसायटीच्या गेटाबाहेरचा गतिरोधक जवळ आला की आमच्या गाडीतली माणसं न सांगता उतरतात. आधी बायको, मग भाजीची पिशवी सांभाळत बाबा आणि शेवटी आई. आई दाराची चौकट धरते, "अगं आई गं" म्हणते आणि टप्प्याटप्प्यानं उभी राहते. गाडी एकटीच तिरपी होऊन पलीकडे जाते, आणि मग मंडळी पुन्हा आत बसतात. हे सगळं होईपर्यंत मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायचं सोडून तंबाखू मळायला घेतो.

माझी स्विफ्ट २०१४ ची. जमिनीपासून १७० मिलिमीटर उंच, म्हणजे कोथरूडला साजेशी. पण चाक आणि मडगार्ड यांच्यामधली फट एकदा माझ्या डोळ्यांत भरली आणि मग ती सुटेना. तिच्यात माझी चार बोटं आरामात जायची. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका पोराच्या गाडीत म्हणे एकच जायचं. मी चाळिशीला टेकलेला, गृहकर्जवाला माणूस. तरी एका रात्री कचरा टाकायच्या निमित्तानं खाली गेलो आणि त्याच्या गाडीत बोट घालून आलो. खरंच एकच गेलं.

पहिल्या गॅरेजवाल्यानं गाडी खाली घ्यायचा स्वस्तातला उपाय सांगितला, "स्प्रिंग कापून देतो." ते मला नको होतं. कापलेली स्प्रिंग आखूड होते तशी कडकही होते, शॉकअप मात्र जुन्याच मापाचा राहतो. खड्ड्यात चाक लोंबलं की स्प्रिंग जागा सोडायला मोकळी. मला कॉइलओव्हर हवे होते, म्हणजे शॉकअपवरच बसवलेली स्प्रिंग. त्यात शॉकअपच्या अंगावर बाहेरून आटे असतात. आट्यांवर दोन रिंगा. एकीवर स्प्रिंग बसते, दुसरी पहिलीला घट्ट धरून ठेवते. आकड्यासारख्या पान्यानं रिंग खाली फिरवली की गाडी खाली, वर फिरवली की वर. हा खेळ पुढच्या चाकांचा. स्विफ्टला मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, त्यामुळे तिथे कशावर काहीच बसत नाही. मागची उंची स्प्रिंगखालच्या वेगळ्या आटेवाल्या बैठकीनं ठरते. थोडक्यात, मी जे नाव मिरवत होतो ते निम्म्या गाडीलाच लागू होतं.

"किती खाली घेऊ?" दुसऱ्या गॅरेजातल्या मिस्त्रीनं विचारलं. मी बोटांनी दाखवलं.

"बोटं नको, दादा. आकडा सांगा."

"पंचेचाळीस."

"राहता कुठं?"

"कोथरूडला."

"मग तीस घ्या."

मी पंचेचाळीसवर अडून बसलो. त्यानं जॉबकार्डावर ४५ लिहून त्याखाली माझी सही घेतली. एखाद्या ऑपरेशनला घेतात तशी.

हिशेब मी करून ठेवला होता. १७० उणे ४५, राहिले १२५. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या शिफारशीत गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितलाय. म्हणजे २५ मिलिमीटर शिल्लक. मी तर पासच! पण आमच्या गेटाबाहेरचा गतिरोधक बांधणाऱ्यानं फक्त उंचीचा आकडा वाचलेला, आणि तोही बहुधा घाईत. रुंदी दीड वीत. त्यावरून पुढची चाकं उतरतात, मागची अजून चढलेली नसतात आणि गाडीचं पोट बरोब्बर माथ्यावर टेकतं. तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा आई म्हणाली, "कुकर खरवडतंय का कुणी?"

त्यानंतर चेंबर. पुण्यात रस्त्यातल्या ड्रेनेजच्या झाकणाला चेंबर म्हणतात आणि गॅरेजात इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यालाही चेंबरच म्हणतात. पौड रस्त्यावर या दोघांची एकदा गाठ पडली. फुटलं काही नाही, पण मी फुटपाथवर पालथा पडून ऑइल गळतंय का बघत असताना दोन आजोबा थांबले आणि एकानं माझ्या हातावर पाच रुपये ठेवले.

अलाइनमेंटचं तर मी टाळतच राहिलो. गाडी खाली घेतली की चाकांचे कोन बदलतात, ते लगेच तपासून घ्यायचे असतात. मी दोन महिने लावले. टायर बाहेरून नवे कोरे दिसत होते, आतल्या कडेला मात्र पार गुळगुळीत. आमचे काही नातेवाईकही असेच आहेत, पण ते असो.

एका सकाळी नोटीस बोर्डावर कागद लागला: "गतिरोधकाजवळ वाहन थांबवून माणसे उतरवू अगर चढवू नयेत. येथे बसथांबा नाही." नाव कुणाचंही नव्हतं. गरजही नव्हती.

त्याच संध्याकाळी बाबांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून दाखवलं. नोंदणीपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. मी म्हटलं, "पण नोंदणीपत्रावर जमिनीपासूनची उंची लिहिलेलीच नाही."

"आईचे गुडघेही लिहिलेले नाहीत," बाबा म्हणाले आणि चष्मा काढून ठेवला.

शनिवारी पुन्हा त्याच गॅरेजात गेलो. या वेळी आई मागच्या सीटवर होती. रस्त्यात तिला तीनदा उतरावं लागलं होतं, त्यामुळे बोलत नव्हती. मिस्त्रीनं शांतपणे ड्रॉवरमधून माझ्या सहीचं जॉबकार्ड काढलं, बॉनेटवर ठेवलं आणि आकड्याचा पाना हातात घेतला.

"किती वर घेऊ? आकडा सांगा."

मी तोंड उघडायच्या आत आई दाराची चौकट धरून बाहेर आली, सरळ उभी राहिली आणि तळहात आडवा करून गुडघ्याच्याही वर धरला.

"सीट इथं आली पाहिजे," ती म्हणाली.

मिस्त्रीनं पाना खाली ठेवला, खिशातून टेप काढली आणि जमिनीपासून तिच्या तळहातापर्यंत मोजायला घेतलं.