अभयारण्याबाहेरची वाट कुणी सांभाळायची?

आज सकाळी ग्रुपवर परत तोच मेसेज फिरला, "येडशीचा वाघ चुकून आलाय, उचलून जंगलात नेऊन सोडा." डोकंच सणकलं. २०२४ च्या डिसेंबरात येडशी-रामलिंगच्या कॅमेऱ्यात दिसलेला हा नर टिपेश्वर अभयारण्यातला. यवतमाळहून धाराशिवपर्यंत साडेचारशे-पाचशे किलोमीटर रानोरान आला. वयात आलेला नर आईचा इलाका सोडून स्वतःची जागा आणि मादी शोधतो. याला चुकणं म्हणतात का?

येडशीचं अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटर, नायगावचं मोरांचं ३० च्या आत. एवढ्या तुकड्यात एका वाघाचं भागत नाही. लांडगा, तरस, चिंकारा यांचंही तेच. बाहेरून नवं रक्त आलं नाही की नात्यातच पैदास होते, आणि दुष्काळात कळप संपला तर ती जागा भरायला कुणी येत नाही. २०२१ मध्ये संभाजीनगरकडच्या गौताळा अभयारण्यात १९४० नंतर पहिल्यांदा वाघ पोचला, तोही टिपेश्वरचाच. मधली वाट शिल्लक होती म्हणून.

आपल्याकडं ही वाट म्हणजे माळ, गायरान, ओढ्याकाठची बाभळीची झाडी, तुरीचं शेत. नाला खोलीकरणाला पोकलेन लागला की आधी ती झाडी जाते, मग दोन्ही बाजूंना उभ्या दरडी राहतात. आत उतरलेलं जनावर वर चढू शकत नाही.

शेततळ्याचं तर बघवत नाही. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, वर ५०० मायक्रॉनची पन्नी. पाणी प्यायला वाकलेलं हरीण घसरतं, पन्नीवर खूर धरत नाहीत, पोहून पोहून दमतं आणि बुडतं. कोपऱ्यात काथ्याच्या जाड दोराला जुने टायर बांधून काठापासून तळापर्यंत सोडले, तर चढून येतं. तारा निघालेला टायर नको, पन्नी फाटते. टायरखाली पोती अंथरा आणि दोर बांधावरच्या खुंटीला पक्का बांधा.

महामार्गाखाली भुयारी मार्ग ठेवला की काम संपत नाही. त्याच्या तोंडापासून दोन्हीकडं लांबवर कुंपण नसेल तर जनावर सरळ डांबरावर चढतं. खाली ट्रॉल्या उभ्या आणि डोक्यावर दिवे असले तर तिकडं फिरकतच नाही.

हो, येडशीच्या त्या वाघानं गुरं मारली. ज्याची गाय गेली त्याला भरपाई वेळेत मिळालीच पाहिजे. रात्री पाणी द्यायला जाणाऱ्याची भीतीही खरी आहे, त्याला दिवसा लाईट द्या. पण म्हणून बांधावर आकडा टाकून तारेत थेट करंट सोडणं? त्यात रानडुकरासोबत बिबट्या मरतो, शेजाऱ्याचं लेकरूही मरतं. बॅटरीवरची झटका मशीन घ्या, ती ठोके देते, जीव घेत नाही.

आणि वाघ उचलून नेला तरी मागून दुसरा येणारच आहे. त्याला चालायला जागा ठेवायची की नाही, एवढंच आपल्या हातात आहे. उन्हाळ्यात खोलीकरणाची कामं निघतील. इस्टिमेट होतानाच ग्रामसभेत अडून बसा. थोड्या थोड्या अंतरावर दोन्ही काठांना समोरासमोर उतार काढायला लावा, आणि पोकलेन एकाच काठानं चालवून दुसऱ्या काठाची झाडी राखायला लावा.