‘नको ते प्रश्न विचारून चार दिवस घालवले’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

आमच्या दुकानातून बंदूक साफ करायचा रॉड आणि बोअर गाईड (रॉड नळीत सरळ जावा म्हणून बंदुकीत बसवायची पोकळ नळी) घेतल्यावर तुम्ही लिहिलेला एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि खरं सांगतो, नंतर झोप लागली नाही. आधी माफी मागतो. गाईडची जादा ओ-रिंग (रबरी कडी) पार्सलमध्ये टाकतो असं कबूल करून ती राहिली, ही चूक आमची. पार्सल मिळाल्यावर तुम्ही दोनदा फोन केलात आणि तो उचलला गेला नाही, तीही आमचीच.

पण "नको ते प्रश्न विचारून चार दिवस घालवले आणि शेवटी न बसणारा बोअर गाईड गळ्यात मारला" हे वाचून फार लागलं. ते प्रश्न म्हणजेच तर आमचं काम आहे सर. तुमचा पहिला मेसेज होता, "चार बंदुका आहेत, सगळ्यांना चालेल असा एक रॉड आणि एक गाईड पाठवा." आता .22 कॅलिबरची (म्हणजे नळीचं इंचातलं माप) नळी आतून साधारण 5.6 मिलिमीटर, तिच्यात जाणारा रॉड पाच मिलिमीटरच्या आसपास, तोच .30 च्या 7.62 मिलिमीटर नळीत घातला तर जोर लावल्यावर मधेच वाकतो आणि रायफलिंगला (नळीच्या आतल्या पिळाच्या खाचांना) घासतो, आणि .30 चा जाड रॉड .22 मध्ये शिरणारच नाही. म्हणून दोन रॉड सांगितले, माल खपवायला नाही.

गाईडचं तर त्याहून नाजूक. बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) काढून त्या जागी तो बसतो, पुढचं टोक चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं तिथे, जातं, म्हणून बोल्टचा व्यासही लागतो आणि कॅलिबरही. सैल बसला की रॉड हलतो, रायफलिंग जिथे सुरू होतं नेमकी तीच जागा झिजते, आणि सॉल्व्हंट (साफ करायचं द्रव) मागे येऊन ट्रिगरमध्ये उतरतं. आम्ही व्यास कॅलिपरने (बारीक माप घ्यायच्या साधनाने) मोजून मागितला होता. तुम्ही फोटो पाठवलात तो माझ्याकडे अजून आहे, बोल्टवर शाळेची पट्टी तिरकी धरलेली आणि शून्याचा आकडा अंगठ्याखाली झाकलेला. त्यावरून मी काय माप घेणार? परत विचारलं, दोन दिवस उत्तर नाही, मग आलं ते "पाठवा एकदाचं". चार दिवसांतले दोन हे असे गेले सर. खरं तर तिथेच मी थांबायला हवं होतं. ऑर्डर जाईल या भीतीने अंदाजाने पाठवला, आणि ते मला आता खातंय.

"लिव्हर-ॲक्शनमध्ये तर गाईड जातच नाही" असंही लिहिलंय, म्हणजे खालचा दांडा ओढून गोळी भरायची ती रायफल. अहो, तसल्या बहुतेक रायफलींना मागून सरळ वाटच नसते! ती पुढून, मझलकडून (नळीच्या तोंडाकडून) साफ करावी लागते, आणि तिथे क्राऊनला, म्हणजे त्या तोंडाच्या कडेला, रॉड घासू नये म्हणून वेगळा मझल गाईड येतो. क्राऊनला एका बाजूने जरी झीज आली तरी नेम बिघडतो. हे मी फोनवर सांगितलं होतं, तुम्ही म्हणालात "तो नंतर बघू". आणि दुनळी बिजागरीवर मोडून उघडली की मागून सरळ रॉड जातो, रायफलिंग नाही, तिला गाईड घेऊच नका हेही मीच सांगितलं होतं. विकायचाच असता तर दुनळीसाठीही गाईड गळ्यात मारला असता की.

कार्बन फायबरच्या रॉडला "प्लास्टिकची काठी" म्हणालात, असो. तो वाकला तरी परत सरळ होतो, जोडाचा नाही त्यामुळे सांधे आत खरडत नाहीत, आणि हँडल बेअरिंगवर फिरतं म्हणून ब्रश रायफलिंगच्या पिळाबरोबर वळतो. फक्त प्रत्येक वेळी आत घालायच्या आधी रॉड फडक्याने पुसा, कचरा चिकटलेला असला तर कुठलाही रॉड नळी खराब करतो.

आमचं दुकान छोटं आहे सर, एक स्टार आम्हाला महिनाभर जाणवतो. फोनचं काहीतरी नीट करतोय, मापं कशी घ्यायची त्याचा कागदही पार्सलमध्ये टाकायचं बघतोय. राहिलेली ओ-रिंग आज निघाली. बंदूक रिकामी आहे हे चेंबरमध्ये बघून मग बोल्ट काढा, कॅलिपरने पुढे आणि मागे असे दोन ठिकाणी मोजा आणि दोन्ही आकडे पाठवा. गाईड बदलून देतो, आणि या वेळी आकडे आल्याशिवाय पार्सल बांधणार नाही, तुम्ही कितीही रागावलात तरी.