पाचव्या दिवशी बी टाकलं तर काय बिघडलं?

दादा, माझ्या लॉनच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘तणनाशक मारून तीन आठवडे थांबा, मग लॉनचं बी टाका, हे पुस्तकी ज्ञान झालं. ग्लायफोसेट हे तणनाशक मातीला लागलं की बाद होतं. मी पाचव्या दिवशी बी टाकलं, मस्त उगवलं. आणि उगवल्यावर तण आलं तर काय करायचं, त्यावर तुमची एक ओळ नाही,’ असं तुमचं म्हणणं.

मातीचं खरं आहे. आपली काळी माती ग्लायफोसेट घट्ट धरून ठेवते, बियाला त्याची बाधा होत नाही. सगळ्या औषधांना मी एकच फुटपट्टी लावली, ती चूक माझी. लेखात दुरुस्त करतो.

पण ग्लायफोसेटनंतर थांबायचं ते बियासाठी नाही, लव्हाळ्यासाठी. औषध पानातून खाली त्याच्या जमिनीतल्या गाठीत उतरायला आठवडा-दीड आठवडा तरी जातो. त्याआधी कुदळ चालवली की पानं तुटतात आणि गाठी खाली जिवंत राहतात. मी एप्रिलअखेर जागा तयार करून पाणी सोडतो, तण हिरवंगार येऊ देतो, मग मारतो. परत पाणी, परत तण, परत फवारणी, आणि मृगाच्या पावसावर बी. मे महिन्यात करपून धुळीनं माखलेल्या तणावर मारलं तर पैसे वाया. गढूळ किंवा बोअरच्या जड पाण्यातही त्याचा जोर कमी होतो. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं ग्लायफोसेट फक्त कीडनियंत्रणवाल्यांकडूनच वापरायचा आदेश काढलाय. तुमच्या दुकानदारानं हे सांगितलं का?

तीन आठवडे माझ्या डोक्यात का बसले तेही सांगतो. सोयाबीनचं पेंडीमिथॅलिन (तण उगवायच्या आधी मारायचं औषध) उरलं होतं, ते मी अंगणात मारलं. हाताला पिवळा डाग पडला, तो दोन दिवस गेला नाही. तण थांबलं म्हणून खुशीत पंधरा दिवसांनी लॉनचं बी फेकलं. तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, एक काडी वर येईना. शेवटी बोटानं माती उकरून पाहिली. बी फुटलेलं, पण मूळ आखूड, टोकाशी सुजल्यासारखं. ते औषध उगवणारं बहुतेक बारीक बी थोपवतं, मग ते घोळीचं बी असो नाहीतर आपण पैसे देऊन आणलेलं. त्याला तीन आठवडेही पुरत नाहीत, दोन-तीन महिने धरा. (आमचे वडील म्हणाले, ‘जन्मभर वावरातली हरळी खणून काढली, अन् तू तीच विकत आणून लावतोस!’ लॉनचं बर्म्युडा गवत म्हणजे हरळीच, काय बोलणार.)

आता तुमचा शेवटचा प्रश्न. कोवळ्या लॉनवर काहीच मारू नका. तीन-चार कापण्या होईपर्यंत खुरपं घ्या, तेही पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी, म्हणजे लव्हाळा गाठीसकट निघतो. त्यानंतर गाजरगवतासारख्या रुंद पानांच्या तणाला २,४-डी हे तणनाशक चालतं, हरळीला काही होत नाही. पण वारा पडलेला असताना मारा, आणि तो पंप कपाशीला लावू नका. आमच्या शेजाऱ्यानं पंप नुसता विसळून कपाशीत नेला. आठ दिवसांत पानं भेंडीसारखी लांबट, बोटं फुटल्यागत झाली, आणि तो दुकानात ‘व्हायरसवर औषध द्या’ म्हणत उभा.