बंदोबस्त उठल्यानंतर

मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून नागपुरात दंगल झाली, तेव्हा इथे उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये आमच्या मराठी मंडळींतही दोन तट पडले. मधलं कोणी बोललं की दोन्हीकडून एकच शेरा: भाबडेपणा. हा शेरा मला मान्य नाही, कारण मी राहतो ते शहर अशाच माणसांनी सावरलं.

फॉल्स रोडजवळ क्लोनार्ड मठ आहे आणि त्याला लागून बॉम्बे स्ट्रीट. ऑगस्ट १९६९ मध्ये प्रोटेस्टंट जमावाने ही कॅथलिकांची गल्ली जाळली. आज तिच्या मागे दोन्ही वस्त्यांना वेगळं करणारी उंच भिंत आहे. पलीकडून दगड-बाटल्या येत, म्हणून घरांच्या परसांवर लोखंडी जाळ्या बसवलेल्या आहेत. १९९८ चा शांतता करार होऊन पंचवीस वर्षं उलटली तरी त्या काढलेल्या नाहीत.

याच मठातले फादर अ‍ॅलेक रीड. १९ मार्च १९८८ ला एका अंत्ययात्रेत दोन ब्रिटिश सैनिकांची मोटार शिरली. जमावाने दोघांना ओढून काढलं. रीड त्या दोघांच्या मध्ये आडवे पडले, तर ‘उठ, नाहीतर गोळी घालू’ अशी धमकी मिळाली. सैनिकांना मारल्यावर रीड धावत गेले, तोंडाने श्वास देऊन पाहिला आणि अखेरची प्रार्थना म्हटली. त्यांच्या खिशात तेव्हा शिन फेनने (ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेशी जोडलेल्या पक्षाने) अहिंसक मार्गाचे कॅथलिक नेते जॉन ह्यूम यांच्या पक्षाला पाठवलेला गुप्त मसुदा होता. पाकिटाला रक्त लागलं होतं. रीड यांनी पाकीट बदललं आणि मसुदा पोचवला! करार व्हायला त्यानंतर दहा वर्षं लागली. २००५ मध्ये आयआरएची शस्त्रं निकामी केल्याची साक्ष द्यायलाही रीडच होते, आणि त्यांच्या जोडीला मेथडिस्ट धर्मगुरू हॅरल्ड गुड.

धर्मगुरू म्हणजे समेट, असं मात्र नव्हे. आगीत तेल ओतणारे प्रोटेस्टंट नेते इयन पेस्लीही धर्मगुरूच होते. रीड यांचं वेगळेपण हे की ज्यांच्याशी बोलणं पाप मानलं जाई, त्यांच्याकडे ते वर्षानुवर्षं, गाजावाजा न करता जात राहिले.

आपल्याकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा केवळ पाद्री म्हणून विरोध झाला. आणि शांतता समितीची बैठक? ती गणपती-ईदच्या तोंडावर पोलीस ठाण्यात भरते: चहा, आवाहन, फोटो, आणि मग थेट पुढच्या सणाला. याहून चांगलं आपल्याला जमलेलं आहे. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसं वर्षभर एकत्र बसत. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली.

नागपुरात आता कोणी मौलवी, कीर्तनकार, भंते किंवा फादर बंदोबस्त उठल्यावरही दुसऱ्या मोहल्ल्यात जात असतील, तर त्यांना भाबडं म्हणू नका. आणि पोलिसांनी पुढची बैठक सणाची वाट न पाहता बोलवावी.