वामनाचे हवामान

चार वर्षांपूर्वी मुलाने वीतभर लांबीचा, पोपटी रंगाचा एक इग्वाना घरी आणला, तेव्हा त्याच्या चणीकडे पाहून सासूबाईंनी त्याचे नाव वामन ठेवले. पुराणांचा एवढा व्यासंग असूनही त्यांना त्या कथेचा उत्तरार्ध ऐन वेळी कसा आठवला नाही, हे मला अजून उमगलेले नाही. पुढच्या काळात वामनाने पहिल्या पावलात मुलाचे टेबल, दुसऱ्यात पुस्तकांचे कपाट आणि तिसऱ्यात आख्खी खोली व्यापली. मुलगा शिकायला जर्मनीला निघून गेला आणि बळीराजाच्या भूमिकेत मी उरले. वामन आता शेपटीसह सव्वा मीटर भरतो. (सोसायटीतले लोक त्याला घोरपड म्हणतात. घोरपड पाळणे हा गुन्हा आहे आणि इग्वानाची २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंद करावी लागते, हे मी लिफ्टमध्ये इतक्यांना समजावले आहे की आता लोक जिन्याने जातात.)

त्याच्या खाण्याची मला काळजी नाही. शेवग्याचा पाला, लाल भोपळ्याचा कीस आणि वर जास्वंदीचे फूल ठेवले की स्वारी खूश असते. घोडे अडते ते हवेपाशी. हा प्राणी मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलांचा, नदीकाठच्या झाडांवर पहुडणारा. त्याला हवेत साधारण सत्तर-पंचाहत्तर टक्के आर्द्रता लागते. आम्ही राहतो पुण्यात, जिथे एप्रिलच्या दुपारी वाळत घातलेली कुरडई संध्याकाळपर्यंत कडकडीत होते. त्यामुळे मुलाचा फोन आला की पहिला प्रश्न, "आई, ह्युमिडिटी किती आहे?" आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी, वेळ उरलाच तर, शेवटी.

यातली खरी गोम अशी की वामनाला ऊबही लागते. अंग शेकायला फांदीवर पस्तीस अंशांच्या पुढची जागा हवी, म्हणून वर दिवा लावायचा. आणि हवा जसजशी तापते तसतशी तिची पाण्याची तहान वाढते, म्हणजे त्याच्या काचेच्या, वर जाळी असलेल्या पेटीत पाण्याचा एक थेंबही कमी झालेला नसताना आर्द्रतामापकाचा काटा मात्र खाली येतो. ऊब द्यावी तर ओल जाते आणि ओल टिकवावी म्हणून पेटी झाकावी तर हवा कोंडते. दोन जावांची मने एकाच वेळी सांभाळण्याचा मला पूर्वानुभव होता, म्हणूनच मी टिकले.

सुरुवात मी इस्त्रीच्या फवाऱ्याने केली. फवारा मारला की काटा टुणकन ऐंशीवर जाई आणि मी चहाचे आधण ठेवून येईपर्यंत पस्तिसावर येऊन बसे. मग जाळीवर ओला टॉवेल आला, तळाशी नारळाचा भुसा आला, मनी प्लांटच्या कुंड्या आल्या. त्यानंतर धुके सोडणारे एक यंत्र आले. त्यात मी बोअरचे पाणी भरल्यामुळे दोन दिवसांत सगळ्या काचांवर पांढरी पूड बसली. वामन अधूनमधून शिंकतो आणि त्या शिंकेतून अंगातले जादा क्षार बाहेर टाकतो, त्याचेही काचेवर पांढरे ठिपके पडतात. त्यामुळे यंत्राचे डाग कोणते आणि वामनाचे कोणते, हे ठरवण्यात एक आठवडा गेला. सासूबाईंना मात्र ती सरळ सर्दी वाटत होती. त्यांनी ओव्याची पुरचुंडी गरम करून आणली होती.

तेवढ्यात त्याने कात टाकायला घेतली. सापाची कात अखंड निघते, याची चिंध्या-चिंध्यांनी निघते, आणि हवा कोरडी असली की बोटांच्या टोकांवर तिची कडी तशीच अडकून राहतात. ती आवळत गेली तर रक्त थांबून बोट गळूही शकते, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर मी रोज वीस मिनिटे वामनाला कोमट पाण्याच्या टबात बसवू लागले. पाचव्या दिवशी उजव्या पायाच्या लांब बोटावरून अंगुस्तानासारखी एक पारदर्शक टोपी, नखाच्या आकारासकट, अलगद माझ्या चिमटीत आली. तसले समाधान मला मुलाच्या पहिल्या पगारानेसुद्धा दिले नव्हते.

त्या धास्तीने मी जाळी प्लास्टिकने झाकून टाकली. काटा साठाच्या वर काही जाईना, पण आठवड्यात भुशावर बुरशीची पांढरी लव उगवली. काट्याच्या मते कोरड असलेल्या जागी बुरशी कशी, असे फोनवर विचारले तेव्हा मुलाने मिठाची परीक्षा सांगितली: वाटीभर मिठात पाणी घालून ओल्या वाळूसारखे करायचे, ती वाटी आणि मापक घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवायचे, आतली हवा बरोबर पंचाहत्तर टक्क्यांवर स्थिरावते. सकाळी आमचा काटा अठ्ठावन्नावर होता. म्हणजे आठवडाभर ज्या साठाला पाहून माझा जीव खालीवर होत होता, तो खरा सत्त्याहत्तर होता, आणि भर उन्हाळ्यात मी वामनाच्या खोलीत श्रावण आणून वर झाकण लावले होते. प्लास्टिक काढले, भुसा बदलला, काट्याचा मापक फेकून आकड्यांचा आणला.

सासूबाईंना या शोधाचे काडीचे कौतुक वाटले नाही. त्या मूळच्या रत्नागिरीच्या. "आमच्याकडे बरणीतलं मीठ पाझरायला लागलं की कळायचं, हवा ओली झाली," त्या म्हणाल्या. मीठ पाझरते ते पंचाहत्तरच्या वर गेल्यावरच. म्हणजे हे यंत्र आमच्या फडताळात लग्नापासून होते.

जुलै लागला. बाहेर धो धो पाऊस, खोलीत अठ्ठ्याऐंशी टक्के, कपाटातल्या पट्ट्यांना बुरशी आणि दांडीवरच्या परकरांना तिसऱ्या दिवशीही कुबट वास. फवारा, धुके, टॉवेल सगळे बंद करून मी पेटीतला आकडा पाहिला, तर दिव्याच्या उबेने हवा थोडी तापून आत नेमके चौऱ्याहत्तर झाले होते. एप्रिलपासून जे मला साधले नव्हते, ते मी काहीही न करता जमून आले होते.

दुसऱ्या दिवशी आमटीत घालायला मीठ शोधले तर बरणी जागेवर नाही. ती वामनाच्या पेटीत, कोपऱ्यात, मनी प्लांटच्या कुंडीमागे होती, तोंडाला मलमलचा तुकडा बांधून. वामन तिच्यावर हनुवटी टेकून झोपला होता, आणि मीठ कोरडे खडखडीत होते.