घंटा, बंब आणि ११९वं स्तोत्र

मिरजेत रिक्षावाल्याला नुसतं ‘मिशन’ म्हटलं, की तो हॉस्पिटलच्या दारात नेऊन सोडतो. त्याचंही बरोबर आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं ते हॉस्पिटल कर्नाटकापर्यंत ठाऊक, आणि आमचं कॉलेजचं होस्टेल त्याच्या मागच्या गल्लीलाही धड ठाऊक नाही. ट्रंक, वळकटी, लाडवांचा डबा आणि मी असे सगळे हॉस्पिटलपाशी उतरलो तेव्हा वॉचमनने विचारलं, “पेशंट कुठाय?”

आमचे अण्णा म्हणाले, “पेशंट न्हाई वो, पोरगं हाय. होस्टेलला टाकायचंय.”

वॉचमनने माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती पुढं तीन वर्षं उपयोगी पडली.

होस्टेल मिशनचं असलं तरी निम्मी पोरं माझ्यासारखीच, जत-आटपाडीकडची, घरात माळकरी आजोबा असलेली. धर्म बदला असं आम्हाला कोणी कधी म्हटलं नाही. आंघोळ करून या, एवढंच म्हणत. पण ते फार अवघड होतं.

पहाटे पाचला होस्टेलचे मामा घंटा द्यायचे. घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. गाव जंक्शनचं, रुळाला काय तोटा! सहाला चॅपलमध्ये उपासना. मधल्या तासात चाळीसेक पोरं, चार न्हाणीघरं आणि एक तांब्याचा बंब.

बंबाचं शास्त्र साधं आहे. वरच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतायचं, तेवढंच कढत पाणी तोटीतून बाहेर येतं. म्हणजे फुकट काही नाही. पहिल्या पोराला वाफाळतं पाणी मिळायचं, चौथ्याला बरं, सहाव्याला कोमट. आठव्याने ओतलेलं पाणी जसंच्या तसं परत यायचं, फक्त धुराचा वास लागून. खाली जाळायला चिपाडं आणि नारळाच्या शेंड्या. पावसाळ्यात त्या इतक्या ओल्या, की बंबापेक्षा मामाच जास्त तापायचे.

म्हणून नंबर. नंबर माणसाने लावायचा नसतो, बादलीने लावायचा. रात्री जेवणं झाली की बादल्या भिंतीकडेला ओळीनं उभ्या राहायच्या, प्रत्येकीवर ऑइलपेंटने नाव. एकीवर मालकाने हौसेनं ‘कृष्णामाई’ लिहिलेलं, आणि तिला तळाशी भोक. कायदा तोंडी होता पण कडक होता. बादली म्हणजे माणूस. मग म्हणजे माणूस नाही. साबणाची डबी तर अजिबातच नाही. माझा लातूरचा रूममेट पहिल्या आठवड्यात नुसता मग ठेवून झोपला आणि सकाळी तिसरा नंबर सांगायला लागला. प्रकरण वॉर्डन सरांकडे गेलं. सरांनी दोन्ही बाजू ऐकल्या, चष्मा पुसला आणि निकाल दिला, “मगाला कडी असते, पण बादलीची कडी वेगळी.” याचा अर्थ आजतागायत कोणाला लागलेला नाही, पण लातूरकर शेवटी गेला.

उपासनेला उशीर झाला तर छडी नाही, दंड नाही. शास्त्रपाठ वाचायचा, तोही स्तोत्रसंहितेतलं ११९वं स्तोत्र. अख्ख्या बायबलमधला हा सगळ्यात लांब अध्याय, १७६ वचनांचा. मूळ हिब्रूत वर्णमालेच्या एकेका अक्षराला आठ-आठ वचनं, असे २२ भाग. उशिरा येणाऱ्या प्रत्येकाला एक भाग. एका सकाळी २२ जणांची सोय त्या स्तोत्रकर्त्यानं कधीच करून ठेवलेली! शेजारचं ११७वं दोनच वचनांचं आहे, ते मात्र सर चुकूनही उघडायचे नाहीत. भागांना आम्ही त्या अक्षरांनीच ओळखायचो. “आज कुठं?” “गिमेल.” गिमेल तिसरं अक्षर, म्हणजे बंबाशी तिघांचं वाजलेलं.

बाकी उपासना मला आवडायची, हे कबूल करायला हरकत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं अभंगाच्याच वळणाची. डोळे मिटले की गावचं देऊळ, उघडले की समोर क्रूस. फक्त पेटीचा भाता फाटका. ज्या गावच्या सतारी आणि तंबोरे देशभर वाजतात, त्या गावात आमची पेटी काळी दोनला आली की खोकायची.

मग २०१६चा एप्रिल आला. लातूरला प्यायला पाणी नाही म्हणून मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं ५० वाघिणी, २५ लाख. नेमकी त्याच आठवड्यात आमच्या टाकीची मोटर जळाली. आमच्या नळाला फुसफुस, आणि रात्री स्टेशनाकडून शिट्टी ऐकू आली की सगळी पोरं लातूरकराकडे अशी बघायची, जशी काय गाडी तोच चालवतोय.

“निघालं बघ आमचं पाणी,” कोणीतरी म्हणालं.

तो कॉटवर उठून बसला. “माय तिकडं घागर घिऊन रात्र-रात्र लायनीत हाय. अन् तुमी हितं रोज बादल्या सांडता. लातूरला नळ येईस्तोर म्या आंघोळ करणार न्हाई.”

एप्रिल. मिरज. रूममध्ये चार जण, खिडकी एक.

चौथ्या दिवशी आम्ही सरांकडे गेलो. पण सरांचीच पंचाईत झाली होती. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ नुकताच संपलेला, आणि त्यात चाळीस दिवस त्यांनी आम्हाला त्यागावरच बोध केला होता. आता एकाने खरंच त्याग केला तर त्याला नको कसं म्हणायचं? “त्याची भावना शुद्ध आहे,” ते म्हणाले. बाकी काही शुद्ध नाही, हे सांगायची आमची छाती झाली नाही.

शेवटी पोरांनीच त्याला पहिला नंबर देऊ केला, वर दोन बादल्या. तो आत गेला आणि चार मगांत बाहेर आला. डोकं, साबण, सगळं. बादल्या भरलेल्याच. “आमच्याकडं अशीच करत्यात,” तो म्हणाला. सर व्हरांड्यातून बघत होते, तेच वाईट झालं. संध्याकाळी फलकावर नोटीस: उद्यापासून प्रत्येकी चार मग.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला सगळं होस्टेल चॅपलमध्ये हजर, केस ओले, एकही जण उशिरा नाही. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी ठरवलं, आज कोणाला शिक्षा नाही. आज सगळ्यांनी मिळून अख्खं ११९वं स्तोत्र वाचायचं. आलेफपासून. पोहे गार झाले, पहिला तास बुडाला, आणि लातूरकराच्या मगाला त्याच रात्री कोणीतरी भोक पाडलं.