हरमनप्रीत थॉर, श्रीजेश कॅप्टन अमेरिका... आणि रोहिदास कुठंय?

परवा आमच्या जुन्या हॉकीवाल्या पोरींच्या (पोरी कसल्या, सगळ्या चाळिशीला टेकल्यात) ग्रुपवर एकीने तिच्या मुलाने बनवलेलं पोस्टर टाकलं. भारताची हॉकी टीम, सगळे सुपरहिरोंच्या ड्रेसमध्ये. हरमनप्रीतच्या हातात थॉरचा हातोडा, गोलकीपर श्रीजेश रिटायर झालाय तरी मधोमध कॅप्टन अमेरिकाची ढाल घेऊन उभा, हार्दिक स्पायडरमॅन, मनप्रीत आयर्न मॅन, आणि मागे ढगांत मेजर ध्यानचंद, डॉक्टर स्ट्रेंजसारखे हातातून केशरी चक्रं काढताना. पोरगं बारावीत आहे, अभ्यास सोडून हे केलंय म्हणे. सगळ्यांनी बदाम टाकले, आगीचे इमोजी टाकले, मीपण टाकला. आणि मग रात्री अकरा वाजता भांडी घासताना माझ्या डोक्यात ते पोस्टर फिरायला लागलं, की यात काहीतरी चुकतंय, बरंच चुकतंय.

आता मी कोण बोलणारी, तर मी शाळा-कॉलेज मिळून सात वर्षं गोली, म्हणजे गोलकीपर, होते. का, तर मी जाड होते. आमच्या सरांचं लॉजिक सिंपल होतं, जी पळत नाही ती गोलमध्ये. सगळ्या टीमला मिळून पॅडचा एकच सेट, तो आमच्या आधी किती बॅचेसनी घातलेला देव जाणे, वास असा की समोरची फॉरवर्ड डीमध्ये (गोलसमोरचं अर्धवर्तुळ) येऊन दोन सेकंद थांबायची. ती किटबॅग घेऊन सिटी बसमध्ये चढले की कंडक्टर म्हणायचा, याचं वेगळं तिकीट काढा. त्यामुळे गोलकीपरबद्दल कुणी काही चुकीचं बोललं की मला ते पर्सनल लागतं, आधीच सांगून ठेवते.

तर श्रीजेशला ढाल. का? ढाल म्हणजे जिच्यामागे माणूस लपतो. गोली लपत नाही ओ, गोली अंग पुढे करतो. बॉल येतोय, साधारण १६० ग्रॅमचा दगडच तो, आणि जगातला कुठलाही शहाणा प्राणी अशा वेळी बाजूला होईल, पण सात-आठ वर्षं रोज मार खाऊन तुमचं शरीर तिकडेच जायला शिकतं. पहिल्या वर्षी मी प्रत्येक शॉटला डोळे मिटायचे. दुसऱ्या वर्षी कमी मिटायला लागले. एवढीच ती प्रगती, बाकी टेक्निक वगैरे नंतर. यात ढाल कुठून आली?

माझ्या मते श्रीजेश जर कोणी असेलच तर बॅटमॅन. म्हणजे अंगात शक्ती-बिक्ती काही नाही, उडता येत नाही, फक्त किट आहे आणि समोरचा काय करणार हे आधी ओळखायची अक्कल आहे. पण तिथेही गंमत बघा, बॅटमॅन जन्मजात करोडपती, आणि श्रीजेश केरळातल्या किळक्कंबलम गावचा शेतकऱ्याचा मुलगा, तिरुवनंतपुरमच्या जी. व्ही. राजा स्पोर्ट्स स्कूलमध्ये गेला तेव्हा गोळाफेक वगैरे करायचा, हॉकी तिथे गेल्यावर सुरू झाली, आणि त्याचं गोलकीपरचं किट घ्यायला वडिलांनी गाय विकली. बॅटमॅनच्या घरात कुणी गाय विकली नव्हती. हे किट किती महाग असतं हे न खेळलेल्या माणसाला कळत नाही, पॅड, किकर, चेस्ट गार्ड, हेल्मेट, हातातले दोन ग्लोव्ह्ज, आणि ते सगळं घातलं की माणूस फ्रीजसारखा दिसतो. म्हणून तर शाळांमध्ये एकाच सेटवर दहा बॅचेस निघतात.

हरमनप्रीत थॉर, हे मात्र पटलं. पटलं म्हणजे ८० टक्के. ड्रॅग फ्लिक, म्हणजे बॉल स्टिकने ओढत नेऊन गोलवर भिरकावणं, हा हातोडाच, पॅरिस ऑलिम्पिकला भावाने दहा गोल केले, अख्ख्या स्पर्धेत सगळ्यात जास्त, ब्राँझच्या मॅचमध्ये स्पेनविरुद्ध आपले दोन गोल, दोन्ही त्याचेच. टीममध्ये त्याला सरपंच म्हणतात. अमृतसरजवळच्या तिम्मोवाल गावचा, लहानपणी शेतात ट्रॅक्टर चालवायचा आणि ट्रॅक्टरचे गिअर ओढून मनगटं तयार झाली असं त्याच्याबद्दल छापून आलेलं मी वाचलंय, आणि मला ते खरंच आवडतं, आकाशातून पडलेल्या हातोड्यापेक्षा गंजलेल्या गिअरची दांडी कधीही भारी. पण उरलेले २० टक्के असे की थॉर हात वर करतो आणि हातोडा आपोआप हातात येतो. हरमनप्रीतला बॉल आपोआप येत नाही. पेनल्टी कॉर्नरला एक जण बॅकलाईनवरून पुश करतो, दुसरा डीच्या बाहेर वाकून तो थांबवतो, बोटभर पुढे-मागे झाला तर सगळं मुसळ केरात, आणि मग सरपंच येऊन फ्लिक मारतात. टीव्हीवर रिप्ले कुणाचा, फ्लिकचा. थांबवणाऱ्याचं नाव आपल्यापैकी किती जणांना माहितीये? मलाही मॅच चालू असताना बघावं लागतं, खोटं कशाला बोलू.

ध्यानचंदांचं तर मला सगळ्यात जास्त खटकलं. जादूगार जादूगार म्हणून आपण त्या माणसाची मेहनत पार खाऊन टाकली. परदेशात त्यांची स्टिक तोडून आत लोहचुंबक आहे का बघितलं अशी एक गोष्ट सगळे सांगतात, खरी-खोटी कोण जाणे. पण १९२८ ॲमस्टरडॅम, १९३२ लॉस एंजेलिस, १९३६ बर्लिन ही तीन गोल्ड मेडल खरी आहेत, आणि बर्लिनच्या फायनलला जर्मनीला त्यांच्याच घरात ८-१ हरवलं हे पण खरंय. पलटणीतला शिपाई माणूस, ड्युटी संपल्यावर स्टिक घेऊन मैदानावर. हातातून ज्वाळा काढायची काय गरज आहे त्यांना?

बरं, पोरगं पुण्याचं, आणि पोस्टरमध्ये धनराज पिल्ले नाही! हे म्हणजे सारसबागेत जाऊन गणपती न बघता येण्यासारखं झालं. खडकीचा धनराज, वडील ग्राऊंड्समन, तुटक्या स्टिक दोरीने बांधून खेळायला शिकलेला, चार ऑलिम्पिक, चार वर्ल्ड कप, चार एशियन गेम्स. त्याला कोणाचा ड्रेस द्यायचा हा प्रश्नच नाही, वुल्व्हरिन. ते केस, तो राग, ते खाली मान घालून उजव्या बाजूने सुसाट सुटणं. माझा एक मामा खडकीतच राहायचा, तो सांगायचा की धनराज बॉल घेऊन निघाला की आधी केस दिसायचे मग धनराज. फक्त एक आहे, वुल्व्हरिनच्या जखमा मिनिटात भरतात. धनराजच्या नाही भरल्या. १९९८ ला बँकॉकला त्याच्या कॅप्टनशिपखाली एशियन गेम्सचं गोल्ड आलं, तब्बल ३२ वर्षांनी, आणि घरी आल्यावर काय, तर त्याच्यासकट सिनिअर खेळाडूंना टीममधून बाहेर. विश्रांती दिली म्हणे. मग २००० ला सिडनी ऑलिम्पिकमध्ये पोलंडविरुद्ध फक्त जिंकायचं होतं की सेमीफायनल, आपण १-० पुढे, आणि शेवटच्या दोनेक मिनिटांत त्यांनी बरोबरी केली. तो दिवस आमच्या घरात कुणीतरी गेल्यासारखा होता, बाबा जेवले नव्हते.

आणि हो, पोस्टरमध्ये एकही बाई नाही. मी ग्रुपवर हे लिहिलं तर पोराची आई म्हणते, अगं पुढच्यात वंडर वुमन टाकेल तो. म्हणजे बाप्यांना एकेकाला वेगळा हिरो आणि आम्हाला सगळ्यांना मिळून एकच वंडर वुमन, वाटून घ्या. टोकियो ऑलिम्पिकला आपल्या पोरी पहिल्या तीन मॅच लागोपाठ हरल्यावर वंदना कटारियाची दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅटट्रिक, मग क्वार्टर फायनलला ऑस्ट्रेलियाविरुद्ध गुरजीतचा एकच पेनल्टी कॉर्नर गोल आणि पुढे जवळजवळ चाळीस मिनिटं सविता पुनिया गोलमध्ये भिंतीसारखी उभी, १-०. ती मॅच मी ऑफिसच्या बाथरूममध्ये मोबाईलवर बघितली. सविताने जो प्रत्येक बॉल अडवला तो माझ्या पायाला लागत होता, शप्पथ.

पण माझं खरं भांडण हे नाहीच्चे. मला सांगा, सुपरहिरो म्हटलं की पहिली गोष्ट काय आठवते? मास्क. आम्ही लहान असताना मराठी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचायचो, त्यालाही मास्क होता, चेहरा कुणी बघितलेला नाही. आता हॉकीत मास्क कोण घालतं? हरमनप्रीत फ्लिक मारताना नाही घालत. हार्दिक ड्रिबल करताना नाही घालत. गोली घालतो, आणि घालतात ते पेनल्टी कॉर्नर डिफेंड करणारे चौघं. आणि त्या चौघांतला जो सगळ्यात आधी सुटतो, तो फर्स्ट रशर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पेनल्टी कॉर्नर मिळाला की आपले गोलीसकट फक्त पाच जण गोललाईनच्या मागे, बाकीचे सगळे सेंटर लाईनच्या पलीकडे. समोर डीच्या टोकाला त्यांचा ड्रॅग फ्लिकर, गोलपासून साधारण १५ मीटरवर. तिथून बॉल ताशी १०० किलोमीटरच्या वर येतो म्हणजे गोलपर्यंत यायला अर्धा सेकंद, एवढ्यात आपण हुश्श पण म्हणत नाही. आणि फर्स्ट रशरचं काम काय, तर तिकडून पुश झाला रे झाला की त्या फ्लिकरच्या अंगावर सरळ धावत जायचं. बाजूने नाही, सरळ. म्हणजे बॉलच्या वाटेत. बॉल स्टिकला लागला तर उत्तम, गुडघ्याला लागला, मांडीला लागला, बरगडीला लागला तरी चालेल, गोल वाचला ना. मग मास्क काढायचा, गोलच्या मागे भिरकावायचा आणि काही झालंच नाही असं परत डिफेन्सला उभं राहायचं. स्कोअरशीटवर या कामाला कॉलमच नाही.

आमच्या टीममध्ये हे काम आमची लेफ्ट हाफ करायची, साडेचार फुटांची पोर, मास्क वगैरे आम्हाला कुठला, नुसत्या शिनपॅडवर. एकदा इंटरकॉलेजला बॉल तिच्या नडगीवर बसला, आवाज मला मागे गोलमध्ये ऐकू आला, आणि ही बया लंगडत परत येऊन मला काय विचारते, "गेला नाही ना?"

भारताचा हा माणूस म्हणजे अमित रोहिदास. ओडिशातल्या सुंदरगढ जिल्ह्यातलं सौनामारा गाव, माजी कॅप्टन दिलीप तिर्कीचंही तेच गाव. टोकियोला ब्राँझच्या मॅचला आपण १-३ मागे होतो, ५-४ वर आलो, आणि जेमतेम सहा-सात सेकंद शिल्लक असताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर. पुढचं सगळ्यांना पाठ आहे, श्रीजेशने अडवला, ४१ वर्षांनी मेडल, श्रीजेश गोलपोस्टवर चढून बसला, तो फोटो घराघरात गेला. पण त्या अख्ख्या टूर्नामेंटमध्ये प्रत्येक कॉर्नरला पहिला धावत कोण जात होता? त्याचा फोटो कुठंय? एकतर फोटोत तो पाठमोरा असतो नाहीतर मास्कमध्ये.

आणि मग पॅरिस. ४ ऑगस्ट २०२४, क्वार्टर फायनल, ग्रेट ब्रिटन. सतराव्या मिनिटाला रोहिदासची स्टिक समोरच्याच्या तोंडाला लागली आणि रेड कार्ड. मुद्दाम मारली का? मला नाही वाटत, दहा वेळा रिप्ले बघूनही नाही वाटत, पण मी काय अंपायर नाही. चाळीस मिनिटांच्या वर दहा जण खेळले, मनप्रीत मागे येऊन डिफेंडर झाला, १-१, मग शूटआऊटमध्ये ४-२. आमच्या ग्रुपवर त्या रात्री नुसता धिंगाणा. सगळे श्रीजेश श्रीजेश करत होते, मीपण करत होते. रोहिदास त्या सगळ्यात बाहेर बसलेला, आणि वरून एका मॅचची बंदी, आपलं अपीलपण फेटाळलं. सेमीफायनलला जर्मनी समोर. त्यांचा पहिला गोल कशावर? पेनल्टी कॉर्नरवर. मारला कोणी, गोन्झालो पेलातने, जो २०१६ ला अर्जेंटिनाकडून गोल्ड जिंकलेला आणि नंतर जर्मनीकडून खेळायला लागला (असे टीम बदलणारेपण सुपरहिरोंच्या दुनियेत असतात म्हणा). आपण २-३ हरलो. रोहिदास असता तर तो गोल झालाच नसता असं मी म्हणत नाही. पण त्या कॉर्नरला मी घरात सोफ्यावरून ओरडले होते, "अरे पुढे कोण चाललंय!" आणि नवरा दाराकडे बघायला गेला.

तर मी त्या पोराला डायरेक्ट मेसेज केला. म्हटलं बाळा, पोस्टर मस्त आहे, पण एक कर, रोहिदासला टाक. सगळ्यात पुढे टाक. ड्रेस कुठलाच देऊ नको, आहे तीच निळी जर्सी, गुडघ्याला गार्ड, आणि तोंडावर पेनल्टी कॉर्नरचा मास्क. बाकी सगळे मागे, अगदी तुझा थॉरपण.

पोरगं गुणी आहे, दोन तासांत नवीन पोस्टर पाठवलं. रोहिदास सगळ्यात पुढे, धावताना, गार्ड वगैरे सगळं बरोबर, मागे धूळ उडतीये (टर्फवर धूळ, असो). फक्त मास्क नव्हता. चेहरा एकदम चकचकीत, हिरोसारखा.

म्हटलं, अरे मास्क?

तर म्हणतो, "मावशी, मास्क घातला तर कळणार कसं लोकांना कोण आहे ते?"